कंट्रोल पॅनलचं वायरिंग: इथलं, युरोपातलं आणि अमेरिकेतलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज. कुठल्याही एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्याच्या शेडमध्ये आज तीन ऑर्डरी शेजारी शेजारी उभ्या दिसतात: एक इथल्याच कारखान्यासाठी, एक जर्मनीला जाणाऱ्या मशीनसाठी आणि एक अमेरिकेला. माउंटिंग प्लेट, डिन रेल, पीव्हीसी चॅनल सगळं सारखंच. वायरमनही तेच. फरक पडतो तो वायरच्या रंगात, एमसीबीवरच्या शिक्क्यात आणि अर्थच्या बोल्टात. माझ्याकडे नवीन येणारी मुलं आणि खरेदी विभागातली माणसं पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

आमच्या पॅनलला नेमका कुठला नियम लागतो?

पॅनल कुठे बसणार आहे, त्यावर ते ठरतं. ते बनतं कुठे याला इथे फारसा अर्थ नाही. ऑर्डर हातात आली की पहिला फोन याच प्रश्नासाठी करावा.

भारतात बसणार असेल तर कायद्याच्या बाजूने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम लागतात. आधीचे २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. पॅनलच्या बांधणीसाठी आयएस/आयईसी ६१४३९ ही मालिका आहे (आयएस म्हणजे भारतीय मानक, आयईसी म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत मानकं काढणारी संस्था). जुन्या टेंडरमध्ये अजून आयएस ८६२३ लिहिलेलं सापडतं, तेव्हा ग्राहकाला विचारून घ्यावं, कारण ६१४३९ ने त्याची जागा घेतली आहे. अर्थिंगसाठी आयएस ३०४३. या सगळ्याच्या वर ग्राहकाचं स्वतःचं स्पेसिफिकेशन असतं, आणि खरं सांगायचं तर इथल्या शॉपफ्लोअरवर राज्य त्याचंच चालतं.

युरोपात जाणाऱ्या मशीनला ईएन ६०२०४-१ (आयईसी ६०२०४-१ चीच युरोपी आवृत्ती) हा यंत्रांच्या विद्युत साहित्याचा मानक लागतो, आणि पॅनल म्हणून ६१४३९. सीई शिक्का, म्हणजे युरोपी नियम पाळल्याची खूण, मशीनचा निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. साध्या मशीनच्या बाबतीत कुणी तिसरा माणूस तपासायला येत नाही. म्हणून फाइल नीट ठेवावी लागते: गणितं, टेस्ट रिपोर्ट, ड्रॉइंग. उद्या काही झालं तर ती फाइलच बोलणार.

अमेरिकेत गणित उलटं आहे. तिथे एनएफपीए ७० म्हणजे त्यांचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, मशीनसाठी एनएफपीए ७९ आणि पॅनलसाठी यूएल ५०८ए (एनएफपीए ही तिथली अग्निसुरक्षा संस्था, यूएल ही तपासून मान्यतेचं लेबल देणारी संस्था). शहराचा किंवा काउंटीचा इन्स्पेक्टर साइटवर येतो, पॅनलचं दार उघडतो आणि लेबल शोधतो. लेबल नसेल तर तुमच्या सुंदर फाइलशी त्याला काही देणंघेणं नसतं. एक व्यवस्था निर्मात्याच्या शब्दावर उभी आहे आणि दुसरी लेबलावर, एवढं डोक्यात बसलं की पुढचे निम्मे फरक आपोआप कळतात.

एनईसी म्हणजे आपला की त्यांचा?

दोन्ही आहेत. भारतीय मानक ब्युरोचा एसपी ३० हाही नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच. ईमेलमध्ये नुसतं 'एनईसीप्रमाणे' असं आलं तर पत्ता बघा. ह्यूस्टनचा असेल तर एनएफपीए ७०.

निळी वायर न्यूट्रल की बी फेज? आणि काळी?

या यादीतला सगळ्यात महाग प्रश्न हाच, म्हणून जरा थांबून.

आपल्याकडे फेज म्हणजे लाल, पिवळा, निळा; न्यूट्रल काळा. पिढ्यान्‌पिढ्या हेच. आर-वाय-बी हे शब्दच रंगांवरून पडले आहेत. आयईसी पद्धतीत फेज म्हणजे तपकिरी, काळा, करडा आणि न्यूट्रल निळा. म्हणजे काळा आणि निळा या दोन्ही रंगांचे अर्थ बरोबर उलटे. ब्रिटनमध्येही आपल्यासारखाच लाल-पिवळा-निळा होता. त्यांनी २००४ मध्ये बदलायला घेतला आणि २००६ पासून नवे रंग सक्तीचे केले. तिथल्या जुन्या इमारतीत दोन्ही पद्धती एकाच बॉक्सात भेटतात, आणि तिथे धोक्याची पट्टी लावावी लागते.

अमेरिकेत न्यूट्रल पांढरा किंवा करडा. करडा! आयईसीत तो तिसरा फेज आहे. फेजसाठी त्यांचा कोड सरसकट रंग ठरवून देत नाही, पण प्रघात पक्का आहे: ४८० व्होल्टला तपकिरी-नारिंगी-पिवळा, २०८ व्होल्टला काळा-लाल-निळा.

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा. एका कारखान्यात युरोपातून आलेलं मशीन जोडायचं होतं. मशीनच्या केबलमध्ये तपकिरी, काळी, करडी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा पाच वायरी. कारखान्याच्या फीडरमध्ये लाल, पिवळी, निळी, काळी. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनने प्रामाणिकपणे रंग जुळवले: काळ्याला काळी, निळ्याला निळी, उरलेल्या दोन फेज तपकिरी आणि करडीवर. झालं असं की मशीनच्या न्यूट्रलच्या जागी आपला बी फेज गेला आणि एका फेजच्या जागी न्यूट्रल. मशीनच्या आत जे काही २३० व्होल्टवर चालणारं होतं, त्याच्या दोन टोकांत आता ४१५ व्होल्ट. पॅनलमधला पंखा, एसएमपीएस (डीसी वीज देणारा पॉवर सप्लाय), सर्व्हिस सॉकेटला लावलेला लॅपटॉपचा चार्जर, सगळं एका सेकंदात गेलं. मी सकाळी पोचलो तेव्हा पॅनलमध्ये जळक्या व्हॅरिस्टरचा तो ओळखीचा वास होता. त्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याने जे शिकला तेच केलं. चूक आमच्यासारख्यांची, ज्यांनी इन्कमरच्या, म्हणजे मुख्य केबल येते त्या टर्मिनलशेजारी एक साधं स्टिकर लावलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम: बाहेरून येणारी केबल रंगावरून जोडायची नाही. टर्मिनलवर एल१, एल२, एल३ (फेज), एन (न्यूट्रल), पीई (संरक्षक अर्थ) अशी अक्षरं ठळक, आणि चालू करण्याआधी एन आणि प्रत्येक एलमधलं व्होल्टेज मोजायचं. तिन्ही आकडे २३० च्या आसपास आले तरच पुढे.

पॅनलच्या आतल्या कंट्रोल वायरचे रंग कुठले?

आयईसी ६०२०४-१ मधली शिफारस अशी: पॉवर सर्किट एसी असो की डीसी, काळी. एसी कंट्रोल लाल. डीसी कंट्रोल निळी. न्यूट्रल फिकट निळी. हिरवी-पिवळी फक्त संरक्षक अर्थसाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. ही मात्र शिफारस नाही, सक्ती आहे. एनएफपीए ७९ जवळपास हेच सांगतो, फक्त अर्थ केलेली परतीची वायर पांढरी किंवा करडी, आणि २४ व्होल्ट डीसीची शून्य बाजू अर्थ केली असेल तर पांढऱ्यावर निळा पट्टा.

इथल्या एलटी (लो टेन्शन) पॅनलमध्ये करडी दीड स्क्वेअर एमएमची वायर कंट्रोलला आणि अडीचची वायर सीटीला (करंट मोजायच्या ट्रान्सफॉर्मरला), तीही लाल-पिवळ्या-निळ्या रंगात, अशी रीत खूप ठिकाणी आहे. तीत वाईट काही नाही. पण तोच वायरमन दुसऱ्या दिवशी अमेरिकी पॅनलवर बसला आणि सवयीने करडी ओढली, तर तिथल्या माणसाच्या डोळ्याला तो सगळा न्यूट्रल दिसतो.

नारिंगी वायर हौस म्हणून असते का?

नाही. मेन स्विच बंद केल्यावरही जी वायर जिवंत राहते ती नारिंगी. पॅनलमधला दिवा, देखभालीचं सॉकेट, किंवा दुसऱ्या पॅनलमधून येणारा इंटरलॉकचा सिग्नल. दोन्ही मानकांत हा रंग यासाठीच ठेवला आहे. अमेरिकेत जुन्या पॅनलमध्ये त्याच कामाला पिवळा सापडतो.

माझा स्वतःचा अनुभव कन्व्हेयरच्या एका पॅनलचा. मेन बंद, हँडलला कुलूप, किल्ली खिशात. तरी टर्मिनल सोडवताना हाताला ११० व्होल्टचा झटका बसला. शेजारच्या पॅनलमधून कंप्रेसरच्या इंटरलॉकची वायर येत होती आणि ती बाकीच्यांसारखीच लाल होती. नारिंगी असती तर मी आधी टेस्टर लावला असता.

फेरूल म्हणजे नक्की काय? जर्मन ग्राहकाशी यावरून वाद झाला.

वाद होणारच. आपल्याकडे फेरूल म्हणजे वायरच्या टोकावर सरकवलेली नंबराची नळी. त्यांच्याकडे फेरूल म्हणजे मऊ तारांच्या टोकावर क्रिम्प करायची धातूची नळी, जिला आपण पिन लग किंवा एंड स्लीव्ह म्हणतो. ग्राहकाने 'सगळ्या वायरींना फेरूल हवेत' असं लिहिलं आणि पॅनल बिल्डरने फक्त नंबर घालून पॅनल पाठवलं, ही गोष्ट मी किमान तीन वेगवेगळ्या शेडमध्ये ऐकली आहे. कोटेशनमध्ये 'नंबर फेरूल' आणि 'क्रिम्प स्लीव्ह' असे दोन वेगळे शब्द लिहा, पैसेही वेगळे लावा.

क्रिम्प स्लीव्हच्या कॉलरचे रंग जर्मन डिन पद्धतीत ठरलेले आहेत: पाऊणची करडी, एकची लाल, दीडची काळी, अडीचची निळी, चारची पुन्हा करडी, सहाची पिवळी. बाजारात फ्रेंच रंगाच्याही मिळतात आणि त्यांचा क्रम वेगळा. एकाच पॅनलमध्ये दोन्ही मिसळल्या की तपासणाऱ्याला वाटतं आतली वायरच चुकली आहे.

नंबराच्या नळीबद्दल आणखी एक. तिच्यावरचा आकडा डावीकडून उजवीकडे किंवा खालून वर वाचता आला पाहिजे, सगळीकडे एकाच दिशेने. काही ग्राहकांना क्रॉस फेरूलिंग लागतं, म्हणजे या टोकाला दुसऱ्या टोकाचा पत्ताही लिहायचा. अमेरिकी लॅडर ड्रॉइंगमध्ये वायरचा नंबर ओळीच्या नंबरावरून येतो. १०४ व्या ओळीत सुरू झालेली वायर १०४१ किंवा तत्सम. एकदा सवय झाली की पानावरची ओळ शोधायला ती पद्धत फार सोयीची आहे. मला तीच आवडते.

स्लीव्ह संपल्या तर टोकाला सोल्डर लावून चालेल?

स्क्रूच्या टर्मिनलमध्ये नाही. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली ते हळूहळू पसरतं, सहा महिन्यांत स्क्रू ढिला होतो आणि तिथे गरम व्हायला लागतं. माणूस येऊन टर्मिनल पुन्हा आवळतो आणि म्हणतो, व्हायब्रेशनमुळे झालं.

एका टर्मिनलमध्ये दोन वायरी?

टर्मिनल त्यासाठी बनवलं असेल तरच. दोन वायरींसाठी जोड स्लीव्ह मिळते, ती वापरा. अर्थच्या टर्मिनलला मात्र सवलत नाही: एका जागी एकच संरक्षक वायर. कारण साधं आहे. एका यंत्राची अर्थ काढताना दुसऱ्या यंत्राची सुटता कामा नये. कॉमनचं लूपिंग करायला जंपर मिळतात. कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेच्या) कॉइलच्या ए२ टोकावर तीन वायरी कोंबलेल्या दिसल्या की समजावं, शेवटच्या दिवशी डिस्पॅचची गाडी दारात उभी होती.

आयएसआय शिक्क्याची वायर अमेरिकी पॅनलमध्ये का चालत नाही? जाडी तर जास्तच आहे.

जाडीचा प्रश्न नाही. अडीच स्क्वेअर एमएमची वायर त्यांच्या १४ गेजपेक्षा जाडच आहे. १४ गेज म्हणजे साधारण २.०८ स्क्वेअर एमएम. पण आयएस ६९४ चा ११०० व्होल्टचा छाप असो की युरोपची एच०७व्ही-के असो, त्यावर यूएलची मान्यता छापलेली नसेल तर तपासनीस ती मोजत नाही. पॅनलच्या आत सहसा एमटीडब्ल्यू किंवा यूएल १०१५ प्रकारची ६०० व्होल्टची वायर वापरतात. एकाच वायरवर युरोप आणि अमेरिका दोन्हीकडचे छाप असलेली वायरही मिळते. थोडी महाग आहे, पण दोन प्रकारची रिळं सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडते. शिवाय वायर कापली की रिळाचं लेबल राहत नाही. छाप वायरवरच हवा.

आमच्या एमसीबीवर १० केए (किलोअँपिअर) लिहिलं आहे. तरी अमेरिकेत नाकारला. का?

कारण त्यांच्याकडे एमसीबीसारखी दिसणारी दोन वेगळी जनावरं आहेत. यूएल ४८९ चा ब्रेकर हा खरा ब्रँच सर्किट ब्रेकर. तो मोटरची, सॉकेटची, बाहेर जाणाऱ्या केबलची जबाबदारी घेऊ शकतो. यूएल १०७७ चा तुकडा हा फक्त सप्लिमेंटरी प्रोटेक्टर, म्हणजे आधीच सुरक्षित असलेल्या सर्किटमध्ये जास्तीचा पहारेकरी. दोघांचं डबं डिन रेलवर सारखंच बसतं. आणि आपल्या आयईसी ६०८९८ किंवा ६०९४७-२ या ब्रेकरच्या मानकांच्या शिक्क्याला या कामापुरतं तिथे मोल नाही.

पुण्याजवळच्या एका मशीनवाल्याची चार पॅनलं तिथे अशीच अडकली. प्रत्येक मोटरच्या आधी १०७७ चा तुकडा. इन्स्पेक्टरने लाल टॅग लावला आणि निघून गेला. शेवटी यूएल ४८९ चे ब्रेकर तिथेच विकत घेतले, आणि ते उंचीने मोठे निघाल्यामुळे रेल आणि चॅनल हलवावं लागलं. वायरी आखूड पडल्या. जोड देता येत नाही, म्हणून नव्या ओढल्या. चार पॅनल, नऊ दिवस, हॉटेलचा खर्च वेगळा.

मोटरसाठी आपला आवडता एमपीसीबी (मोटर संरक्षणाचा ब्रेकर) वापरता येतो, पण त्याला तिथे 'टाइप ई' म्हणून मान्यता असावी लागते. त्यासाठी लाइन बाजूला जास्त अंतर देणारा टर्मिनल अडॅप्टर बसवावा लागतो. कॅटलॉगच्या तळटीपेत लपलेला हा प्लास्टिकचा तुकडा नसला की सगळी मान्यता जाते. शिवाय त्याचं रेटिंग बहुधा '४८०वाय/२७७' असं तिरक्या रेघेचं असतं. म्हणजे न्यूट्रल अर्थ केलेल्या स्टार सप्लायवरच तो चालतो. ग्राहकाच्या कारखान्यात डेल्टा सप्लाय असेल तर नाही. हा प्रश्न ड्रॉइंग काढण्याआधी विचारायचा असतो.

एससीसीआर म्हणजे काय? नेमप्लेटवर किती लिहायचं?

शॉर्टसर्किट झालं तर पॅनल किती करंट सहन करील, त्याचा आकडा. अमेरिकी कोडमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून कंट्रोल पॅनलच्या नेमप्लेटवर तो लिहावा लागतो. काढण्याची रीत यूएल ५०८ए च्या एसबी पुरवणीत आहे आणि तत्त्व सोपं आहे: साखळीतली सगळ्यात कच्ची कडी. एखाद्या कॉन्टॅक्टरवर आकडा छापलेला नसेल तर ५० हॉर्सपॉवरपर्यंत तो ५ केए धरतात. पॉवर डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक १० केए. म्हणजे बाकी सगळं ६५ केएचं घेतलं आणि एक बिनछापाचा कॉन्टॅक्टर पॉवर सर्किटमध्ये बसवला, की पूर्ण पॅनल ५ केए.

५ केए खूप वाटतं? हिशेब करून बघा. १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४१५ व्होल्ट, ५ टक्के इम्पीडन्स. पूर्ण भार सुमारे १३९० अँपिअर. त्याला ०.०५ ने भागलं की जवळपास २८ केए. केबलच्या लांबीने तो आकडा उतरतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या शेजारच्या शेडमध्ये ५ केएचं पॅनल ठेवणं म्हणजे कागदी दारामागे झोपणं.

उपाय दोन: निर्मात्याने एकत्र टेस्ट केलेल्या ब्रेकर-कॉन्टॅक्टरच्या जोड्या वापरणं, किंवा पुढे करंट मर्यादित करणारा फ्यूज. अमेरिकेत फ्यूज अजून इतका का वापरतात याचं हे एक कारण आहे. आपल्याकडच्या तरुण इंजिनिअरला फ्यूज म्हणजे आजोबांचं साहित्य वाटतं.

आयईसीत मग हे कसं बघतात?

तिथे ६१४३९ मध्ये दोन पायऱ्या. एक डिझाइनची पडताळणी, एकदाच. दुसरी प्रत्येक पॅनलची नेहमीची पडताळणी. शॉर्टसर्किटच्या पडताळणीतून सूट मिळते, जर त्या जागी फॉल्ट करंट १० केएपेक्षा जास्त नसेल, किंवा पुढचा करंट मर्यादित करणारा ब्रेकर-फ्यूज शिखर करंट १७ केएच्या आत कापत असेल. छोट्या मशीन पॅनलचं बहुतेक काम यातच भागतं.

उष्णतेसाठी टेस्ट, आधी टेस्ट केलेल्या पॅनलशी तुलना किंवा गणित, असे तीन मार्ग आहेत. गणिताचा मार्ग एकाच कप्प्याच्या पॅनलला ६३० अँपिअरपर्यंत, आणि जास्तीच्या अटी पाळून १६०० पर्यंत. त्यात एक अट लोक विसरतात: स्विचगिअर त्याच्या रेटिंगच्या ८० टक्क्यांवरच वापरायचं. १०० अँपिअरचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर) म्हणजे ८०. जुन्या टेंडरमध्ये 'टीटीए' 'पीटीटीए' (पूर्ण किंवा अंशतः टाइप टेस्ट केलेलं पॅनल) असले शब्द दिसतात. ते आता मानकातून गेले.

डबल अर्थिंग फक्त आपल्याकडेच का?

होय, जवळपास आपल्याकडेच. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ६१ होता: २५० व्होल्टच्या वर आणि ६५० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या मोटरची, उपकरणाची चौकट दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थ करायची. तो विचार पुढे विनियमांतही आला. म्हणून इथल्या पॅनलला दोन बाजूंना दोन बोल्ट, दोन पट्ट्या, आणि विद्युत निरीक्षक आले की ते आधी तिथेच वाकून बघतात.

युरोपी इन्स्टॉलर दुसरा बोल्ट बघून विचारतो, हा कशाचा? त्याच्याकडे एक पीई वायर असते, पण तिची जाडी तक्त्यावरून ठरलेली: फेज १६ स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर तेवढीच, १६ ते ३५ पर्यंत १६ ची, त्यापुढे ४०० पर्यंत फेजच्या निम्मी. माझं मत विचाराल तर दोन बोल्ट ठेवून एकाखाली रंग न खरवडता पट्टी आवळणाऱ्यापेक्षा एकच बोल्ट नीट साफ केलेला बरा. पण नियम तो नियम. दोन्ही नीट करा.

दाराबद्दल: दारावर पुशबटन, मीटर, काहीही वीजचं असेल तर बिजागरीच्या भरवशावर राहू नका. वेणीची तांब्याची पट्टी. आणि सातत्य मोजताना मल्टीमीटरच्या बझरवर विश्वास ठेवू नका, तो मिलिअँपिअरवर वाजतो, एका तारेवरही वाजेल. ६०२०४-१ त्यासाठी ०.२ ते १० अँपिअरच्या करंटने मोजायला सांगतो.

कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं एक टोक अर्थ का करायचं? तरंगतं, म्हणजे अर्थला न जोडता, ठेवलं तर फॉल्टला ट्रिप होणार नाही, ते चांगलंच ना?

इथेच लोक फसतात. समजा सेकंडरी तरंगती आहे. कुठेतरी केबल घासली आणि एक वायर पॅनलच्या पत्र्याला लागली. काहीच होत नाही, मशीन चालू. महिन्याने दुसरीकडे, स्टॉप बटणाच्या पलीकडे आणखी एक वायर पत्र्याला लागते. आता पत्र्यामार्फत स्टॉप बटण बायपास झालं. तुम्ही बटण दाबता आणि मशीन थांबत नाही.

म्हणून एक टोक अर्थ. मग पहिल्याच फॉल्टला फ्यूज उडतो. पण याला एक जोड नियम आहे: कॉइलचं एक टोक थेट त्या अर्थ केलेल्या कॉमनवर, आणि सगळी बटणं, लिमिट स्विच, कॉन्टॅक्ट दुसऱ्या बाजूला. कॉइल आणि कॉमनच्या मध्ये स्विच टाकलात, तर त्या तुकड्यातली वायर पत्र्याला लागली की कॉइल आपोआप ओढते. मशीन स्वतःहून सुरू. जुन्या अमेरिकी ड्रॉइंगमध्ये ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट कॉइलच्या पलीकडे दिसतो. ती वायर पॅनलच्या आतच राहते म्हणून त्याला सवलत आहे. ते बघून लिमिट स्विच तिथे नेऊ नका.

तरंगतं ठेवायचंच असेल तर इन्सुलेशन मॉनिटर लावा, आणि तो वाजला की बघायला जाणारा माणूसही नेमा.

व्होल्टेजचं म्हणाल तर आपल्याकडे ११० किंवा २३०, अमेरिकेत १२०. एनएफपीए ७९ एसी कंट्रोलला १२० च्या वर जाऊ देत नाही. नव्या कामात बहुतेक सगळं २४ व्होल्ट डीसी झालं आहे.

लाल दिवा म्हणजे चालू की बंद?

विचारता कुणाला त्यावर. सबस्टेशनमध्ये वाढलेल्या माणसाला लाल म्हणजे ब्रेकर जोडलेला (क्लोज), लाइन जिवंत, सावधान. हिरवा म्हणजे ब्रेकर उघडा, लाइन तुटलेली, सुरक्षित. मशीनवाल्याला हिरवा म्हणजे मस्त चालू आहे, लाल म्हणजे बिघाड. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. एकाच कारखान्यात एमसीसी (मोटर कंट्रोल सेंटर) आणि मशीन पॅनल शेजारी आले की दिव्याखाली शब्द लिहा, मराठीत लिहिलात तर आणखी चांगलं.

आयपी ५४ म्हणजेच नेमा १२ ना?

दोन्ही धूळ-पाण्यापासून बचावाचे दर्जे आहेत, आयपी आयईसीचा आणि नेमा अमेरिकेचा. नेमा १२ चा पॅनल आयपी ५४ ला पुरतो, असं साधारण म्हणता येतं. उलट म्हणता येत नाही. त्यांच्या टाइपमध्ये तेल, गंज, गॅस्केटचं म्हातारपण अशाही टेस्ट येतात. आणि दाराला भोक पाडून साधा पंखा बसवलात की पॅनल पंख्याच्या दर्जाचा होतो, ग्लँडचंही तसंच.

अमेरिकी पॅनल एवढं ऐसपैस का असतं?

२५० व्होल्टच्या वरच्या फीडर सर्किटला यूएल ५०८ए हवेतून एक इंच आणि पृष्ठभागावरून दोन इंच अंतर मागतो. आयईसीच्या गणितात ४०० व्होल्टच्या औद्योगिक पॅनलला साधारण ५.५ मिमी हवेतून आणि ६.३ मिमी पृष्ठभागावरून पुरतं. त्यात वायर वळवायच्या जागेचे त्यांचे वेगळे तक्ते. म्हणून आपलं नेहमीचं ८०० बाय १००० चं डबं त्या कामाला धरू नका, आधी मांडून बघा.

ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) केबलचं शील्ड वेणी करून अर्थला जोडलं. तरी एन्कोडर (मोटरची जागा आणि वेग सांगणारा सेन्सर) नाचतो.

वेणीमुळेच. ड्राइव्हच्या उच्च फ्रिक्वेन्सीला ती चार इंचांची वेणी म्हणजे लांबलचक वाट. शील्ड सोलून पूर्ण गोलाईने धातूच्या क्लॅम्पखाली दाबा, रंग नसलेल्या प्लेटवर. आणि मोटरची केबल एन्कोडरच्या केबलसोबत एकाच चॅनलमध्ये टाकली असेल तर आधी ती बाहेर काढा.

५० हर्ट्झची ११० व्होल्टची कॉइल ६० हर्ट्झवर, १२० व्होल्टला चालेल?

बहुधा त्याच कॉइलवर दोन्ही रेटिंग छापलेली असतात. वाचा. सौदीला पॅनल पाठवतानाही हा प्रश्न येतो, तिथेही ६० हर्ट्झ आहे.

डिस्पॅचच्या आधी मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावताना काय काय काढायचं?

ड्राइव्ह, पीएलसी, एसएमपीएस, सर्ज अरेस्टर, एनर्जी मीटर. ५०० व्होल्ट डीसी, पॉवर आणि अर्थमध्ये किमान एक मेगओहम. नव्या पॅनलला तो शेकड्यांत यायला हवा. दीड-दोनवर अडकला तर पावसाळ्यात शेडमध्ये ओल धरली आहे किंवा पत्र्याच्या भोकातला ड्रिलचा भुसा कुठेतरी बसला आहे. काढलेलं सगळं परत जोडल्याची सही एका माणसाने करायची, आणि तो मेगर लावणारा माणूस नसावा.